प्रदर्शन उतरवल्यानंतरचे दिवस कसे काढायचे

मागच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. माझी जुनी विद्यार्थिनी, कराडची. आदल्या दिवशी तिचं पुण्यातलं पहिलं प्रदर्शन उतरलं होतं. एकवीस चारकोल चित्रं, सगळी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांची. सहा विकली गेली होती. "बाई, सगळं चांगलं झालं," ती म्हणाली, "पण पहाटे चारपासून जागी आहे. हात नुसता शिवशिवतोय आणि कागदापाशी गेलं की उठावंसं वाटतंय. काय करू?"

फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण दूध उतू जात असताना सांगण्यासारखा हा विषय नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी वाईत राहते. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि त्याच्या आगेमागे जलरंगात निसर्गचित्रं करत आले. आजवर पाच प्रदर्शनं झाली, म्हणजे हे मधले दिवस पाचदा वाट्याला आले. पहिल्या दोन वेळा मी ते फार वाईट काढले. नंतरच्या तीन वेळा जे करत गेले ते इथे देते.

आधी हे काय होतंय ते बघा

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि सोमवारी संध्याकाळी उतरतं. तिथली तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. 2009 साली माझी तारीख आली. चार वर्षं केलेली चौतीस चित्रं, सगळी कृष्णेच्या घाटांची. सोमवारी रात्री नऊला टेम्पो काळा घोड्यावरून निघाला, फ्रेम्स जुन्या चादरींत गुंडाळलेल्या, मी ड्रायव्हरशेजारी. पहाटे वाईत पोचलो, गठ्ठे पुढच्या खोलीत भिंतीला टेकवले आणि दोन तास झोपून मी नेहमीसारखी सहाला उठले. बोर्डावर कागद चिकटवला, पाणी भरून घेतलं आणि बसले. आठ वाजेपर्यंत कागद कोराच. मग उठून स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. दुपारी माळा काढला. रात्री ह्यांनी विचारलं, "कुणी येणारंय का आपल्याकडे?"

असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. प्रदर्शनाआधीचे चार-सहा महिने हाताला आणि डोळ्याला एक चाल लागलेली असते. सकाळी उठल्यावर काय करायचं हे आदल्या दिवशीच्या अर्धवट चित्राने ठरवलेलं असतं. चित्रं भिंतीवर लागली की ते ठरवणारं कुणी उरत नाही, पण चाल तशीच राहते. उसाचा चरक ऊस संपल्यावरही थोडा वेळ फिरत असतो ना, तसं. त्या फिरण्याला आपण नवी कल्पना समजतो आणि तिच्यात घाईने काहीतरी घालायला जातो. माझी पहिली मोठी चूक तिथेच झाली.

प्रदर्शन उतरून आठवडा झाला असेल. हायवेवरच्या एका नव्या हॉटेलकडून विचारणा आली. बारा खोल्या, बारा चित्रं, "अगदी प्रदर्शनात होती तशीच." पैसे चांगले होते आणि मला तर काहीतरी करायला हवंच होतं. पाच आठवड्यांत बाराही केली. नवव्या चित्राच्या वेळी लक्षात आलं की मी समोरच्या रेखाटनाकडे बघतसुद्धा नाही. दीपमाळ, पायऱ्या, पिंपळ, पाण्याचा निळा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर), सगळं हात आपोआप करत होता. चित्रं गेली, पैसे आले. पण ती हाताची लकब मला दीड वर्ष सोडून गेली नाही. कुठेही बसले, अगदी पाचगणीच्या टेबललँडवर बसले तरी कागदावर वाईचा घाट उमटायचा. हॉटेलवाल्यांची यात काहीच चूक नव्हती. त्यांनी मागितलं ते मी दिलं.

तेव्हापासून माझा नियम आहे: पूर्ण झालेल्या कामासारखंच काम पहिल्या तीन महिन्यांत घ्यायचं नाही. पैशांची गरज सगळ्यांना असते, मलाही होती. म्हणून विक्रीचे पैसे हातात आले की फ्रेमवाल्याचं बिल भागवल्यावर लगेच तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकते. आणि तरीही काम घ्यावंच लागलं तर वेगळ्या जातीचं घेते. लहान मुलांचे वर्ग, कुणाच्या वाड्याचं रेखाटन, लग्नपत्रिकेवरची चित्रं. हाताला मोबदला मिळतो आणि जुनी चाल मोडते.

पहिला पंधरवडा: गठ्ठे सोडा, वही काढा

परत आलेली चित्रं बांधलेली ठेवू नका. हे मी भावनेपोटी सांगत नाही. टेम्पोत, गॅलरीच्या एसीत, मग आपल्याकडच्या हवेत, अशा फेऱ्यांमध्ये फ्रेमच्या मागे ओल धरते आणि जलरंगाचा कागद ओलीला फार लवकर बळी पडतो. प्रत्येक फ्रेम उलटी करून मागचा बोर्ड हाताने चाचपा. गार किंवा लिबलिबीत लागला तर खिळे काढून दोन दिवस सावलीत वाळवा. काचेला आतून दव दिसलं तर चित्र लगेच बाहेर काढा. चित्र काचेला चिकटलं तर सोडवताना रंग उचलून येतो, त्यामुळे काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी आहे ना, हे पुन्हा तपासा.

हे करताना वही जवळ ठेवा. मी लांब हिशेबाची वही वापरते. प्रत्येक चित्राला एक ओळ: माप, कागद, वापरलेले रंग, कुठे आणि कधी केलं, विकलं असेल तर किंमत. विकून गेलेल्या चित्रांचे फोटो असतातच, त्यांचीही ओळ लिहा. आणि उजवीकडे एक रुंद रकाना मोकळा सोडा. त्या रकान्यावर मी "कुठे टाळलं" असं लिहिते.

या सगळ्या लेखात मला सांगायचं आहे ते या रकान्यात आहे. त्यामुळे इथे थोडं थांबते.

लोक प्रदर्शनात येतात, चुका दाखवतात. दीपमाळ किंचित कलली आहे, झाड जड झालंय. त्या चुका या रकान्यात लिहायच्या नाहीत. करताना ज्या जागी आपण अडलो, आणि अडलोय हे कळूनसुद्धा काहीतरी युक्ती करून पुढे सरकलो, ती जागा लिहायची. ती बघणाऱ्याला बहुतेक दिसत नाही, कारण ती झाकण्यात आपण तरबेज झालेलो असतो. पण करणाऱ्याला ती बरोबर आठवते.

शोधायची रीत सांगते. जाड पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे कापा, दोन्ही बाजू साधारण सहा इंचांच्या. ते एकमेकांवर असे ठेवा की मध्ये दोन-तीन इंचांची खिडकी तयार होईल. ती खिडकी चित्रावरून हळूहळू सरकवत न्या. अख्खं चित्र डोळ्यांसमोर असलं की डोळा लगेच दीपमाळेकडे किंवा चेहऱ्याकडे पळतो. खिडकीतून त्याला पळता येत नाही. चित्र उलटं करून एकदा बघा. आरशात बघा. सकाळच्या तिरप्या उजेडात बघा, म्हणजे कुठे रंग पुन्हा पुन्हा खरवडलाय, कुठे थर चढलेत ते कागदाच्या अंगावर दिसतं. जिथे नजर थबकते आणि पोटात जरा खड्डा पडल्यासारखं होतं, तिथे थांबा. एका ओळीत लिहा. कारणमीमांसा करू नका. रोज तीन-चार चित्रंच घ्या, जास्त घेतली की मन बधिर होतं.

दुसऱ्या प्रदर्शनानंतर, म्हणजे त्या हॉटेलच्या कामातून मोकळी झाल्यावर, मी ही वही पहिल्यांदा केली. चौतीस ओळी भरल्या आणि मग उजवा रकाना वरून खाली वाचला. एकोणीस चित्रांपुढे एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं: पाण्याखालची पायरी टाळली.

पाण्याखालची पायरी

वाईजवळच्या मेणवलीचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना ही जागा लगेच कळेल. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट, जिथे महादेवाच्या देवळाजवळ ती वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगली आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात आणि उतरतच जातात. माझ्या चित्रांत शेवटच्या कोरड्या पायरीपाशी दगड संपायचा आणि लगेच निळा वॉश सुरू व्हायचा. दिसायला सुंदर, विकायला सोपं. पण तिथे तसं नसतंच.

वही झाल्यावर मी तिथे नुसती बघायला जाऊन बसले. मार्चमधली सकाळ, साडेसातचा सुमार. कोरडी पायरी राखाडी, जराशी तांबूस. तिच्या खालची, जिला पाणी चाटून जात होतं, ती जवळजवळ काळी. दगड तोच, पण ओला झाला की उजेड परत फेकत नाही, म्हणून एकदम गडद होतो. तिच्या खालची पायरी पाण्यात, पण स्पष्ट दिसणारी, हिरवट, कडा हलणाऱ्या, आणि असते त्यापेक्षा वर असल्यासारखी भासणारी. त्याच्या खालच्या पायरीची फक्त एक फिकट पट्टी. आणि त्यापलीकडे दगड गेला, तिथे आकाश. पाण्यावर पडलेलं आकाश.

म्हणजे पायांपाशी, जिथे आपण जवळजवळ सरळ खाली बघतो, तिथे पाण्यातून आरपार दिसतं. नजर जशी लांब आणि तिरपी जाते तसं पाणी आरसा होत जातं. या दोन्हींच्या मध्ये हातभर जागा अशी असते की तिथे पायरीही आहे आणि आकाशही आहे, आणि डोळा ठरवू शकत नाही. ती हातभर जागा मी चार वर्षं एका ब्रशच्या फटकाऱ्याने झाकत आले होते.

ते दिसल्यावर माझी घालमेल एकदम कमी झाली. काय करायचं हे अजून माहीत नव्हतं, पण कुठे बघायचं ते कळलं होतं. माझं पुढचं अख्खं प्रदर्शन, सहा वर्षांचं काम, त्या हातभर जागेतून निघालं. म्हणून मी ठामपणे सांगते की पुढचं चित्र बाहेर शोधायला जाऊ नका. हिमालयात, केरळात, दुसऱ्या माध्यमात शोधायला नंतर जा. आधी स्वतःच्या संपलेल्या चित्रांचे कोपरे बघा. आपण जिथे टाळलं तिथे ते वाट बघत असतं.

हाताला काम द्या, पण चित्राचं नको

वही भरायला रोज अर्धा-पाऊण तास पुरतो. उरलेल्या वेळात शिवशिवणाऱ्या हाताचं काय करायचं? त्याला काम द्या. असं काम, की ज्याचं चित्र होण्याची अपेक्षाच नाही.

पहिलं म्हणजे रंगांचे तक्ते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग घ्या आणि एका पट्टीवर अकरा चौकोन करा, एका टोकाला नुसता निळा, दुसऱ्या टोकाला नुसता तांबूस, मध्ये प्रमाण बदलत न्या. मधले राखाडी बघा. एक पावसाळी ढगाचा आहे, एक ओल्या दगडाचा, एक जुन्या सागवानी दाराचा. हे सगळे त्या दोन ट्यूबांत आहेत हे मला वीस वर्षं माहीत होतं, तरी पट्टी केल्यावर तीन छटा अशा सापडल्या की त्या मी कधी वापरल्याच नव्हत्या. रोज एक जोडी घ्या. यात डोकं लागत नाही, डोळा मात्र जागा राहतो.

दुसरं, उन्हाची परीक्षा. तुमच्या पेटीतल्या प्रत्येक रंगाची एक पट्टी ओढा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने किंवा अॅल्युमिनियम फॉइलने पक्की झाका, मागे तारीख लिहा आणि दक्षिणेच्या खिडकीला आतून चिकटवा. तीन महिन्यांनी फॉइल काढा. माझ्याकडच्या अलिझरिन क्रिमझन या गडद लाल रंगाची उघडी बाजू इतकी फिकी पडली होती की मी त्याच आठवड्यात तो रंग पेटीतून काढला आणि त्या जागी उन्हात टिकणारा क्विनॅक्रिडोन लाल घेतला. आपली चित्रं लोक घरात लावतात, खिडकीसमोर लावतात. त्यांना आपण काय विकतो हे आपल्याला माहीत हवं.

तिसरं, सामानाची निगा. सेबलचे, म्हणजे प्राण्याच्या मऊ केसांचे, ब्रश साध्या साबणाने तळहातावर हलकेच धुवा, बोटांनी टोक आणा, आडवे वाळवा. पूर्ण वाळल्यावरच डब्यात ठेवा आणि डब्यात डांबरगोळी टाका, नाहीतर कसर केस खाते. कागद तपासा. आमच्याकडे जूनपासून हवा इतकी ओली होते की कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ, जागोजागी खराब होतं, आणि अशा कागदावर वॉश टाकला की टिपकागदासारखे ठिपके उमटतात. कोपऱ्यावर एक फिका वॉश ओढून बघितला की लगेच कळतं. असा कागद फेकू नका, पेनाला आणि चारकोलला उत्तम चालतो. चांगला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, तोंड टेपने बंद करून ठेवा. पावसाळ्याआधी हे केलंत तर जुलैत स्वतःला दुवा द्याल.

आणि चौथं, जे मी सगळ्यात जास्त मानते. 22 बाय 30 इंचांचा एक फुल शीट घ्या आणि त्याचे सोळा तुकडे करा. प्रत्येक साडेपाच बाय साडेसात इंचांचा होतो. रोज एक तुकडा, वीस मिनिटं, घड्याळ लावून. खिडकीतून दिसेल ते. मागे तारीख, वेळ आणि हवा लिहा. सही करू नका, फोटो काढून कुणाला पाठवू नका, स्टेटसला ठेवू नका. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल या निसर्गचित्रकाराने 1821 आणि 1822 मध्ये हॅम्पस्टेडला नुसती ढगांची अशी कितीतरी छोटी चित्रं केली आणि मागे दिवस, वेळ, वारा टिपून ठेवला. प्रदर्शनात लावण्यासाठी ती केलेली नव्हती. ढग कसा वागतो हे त्याला बघायचं होतं.

सोळा तुकडे संपेपर्यंत एकही मोठा कागद कापायचा नाही, एवढी शिस्त पाळा. सोळा दिवस म्हणजे पंधरवड्याहून एक दिवस जास्त. तेवढ्यात हात बराच निवतो.

घरातल्यांशी बोला

मधल्या दिवसांत सगळ्यात जास्त गैरसमज घरात होतात. प्रदर्शनाआधी घरच्यांनी सांभाळून घेतलेलं असतं. ते झालं की त्यांना वाटतं, आता ही मोकळी. बँकेची कामं, राहिलेली लग्नं, साताऱ्याच्या नणंदेकडचं हळदीकुंकू, सगळं आपल्याकडे येतं, आणि आपण रिकामे दिसत असल्यामुळे नाही म्हणता येत नाही. वर आपण चिडचिडे झालेलो असतो. ह्यांनी एकदा न राहवून विचारलं, "चित्रं होत नव्हती तेव्हा चिडायचीस, आता झाली तरी चिडतेस. आम्ही करायचं तरी काय?"

मी तेव्हा त्यांना शेजारी बसवून नीट सांगितलं. तुमचं काही चुकलं नाही. हे दीड-दोन महिने असेच जातील. सकाळी सहा ते आठ मी माझ्या टेबलापाशी असेन, काही करत नसले तरी असेन, तेव्हा हाक मारू नका. आठनंतर काय वाटेल ते सांगा. तेव्हापासून ते स्वतःच फोन घेतात आणि सांगतात, आठनंतर करा. एवढंच बोलायला मला दोन प्रदर्शनं लागली. तुम्ही पहिल्याच वेळी बोला.

त्या दोन तासांत टेबल सोडायचं नाही. कागद कोरा राहिला तरी चालेल. ब्रश पुसा, तक्ता करा, वही वाचा, खिडकीबाहेर बघा. फोन मात्र दुसऱ्या खोलीत. दुसऱ्यांची चित्रं बघत बसणं या दिवसांत फार घातक असतं. आपल्या मनात जागा रिकामी असते आणि जे पहिलं दिसेल ते तिथे येऊन बसतं.

थोरांकडे बघायचंच असेल तर

मग त्यांच्या चित्रांपेक्षा त्यांच्या मधल्या दिवसांकडे बघा. अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. बाकीचा काळ बघण्यात, ऐकण्यात, बसण्यात जाई, आणि तो त्यांच्या कामाचाच भाग होता. इटलीत बोलोन्याला चित्रकार जॉर्जो मोरांदी आयुष्यभर त्याच बाटल्या, तेच डबे पुन्हा पुन्हा मांडत राहिला. विषय संपला म्हणून नवा शोधायचा, ही घाईच त्याला नव्हती.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते चित्रकार प्रभाकर बरवे. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात त्यांच्या रोजनिशीची पानं होती. मी वाईहून दोनदा जाऊन आले. मोठ्या कॅनव्हासपेक्षा त्या पानांसमोर जास्त वेळ उभी राहिले. एकाच पानावर लिहिलेलंही आहे आणि रेखाटलेलंही आहे, वस्तूंविषयी, अवकाशाविषयी, चित्रात काय अडतंय त्याविषयी. दोन चित्रांच्या मधला काळ त्यांनी मोकळा सोडलाच नव्हता, तो वहीत ठेवला होता. माझ्या हिशेबाच्या वहीबद्दल तेव्हा मला फार धीर आला.

सुरुवात कधी करायची

याला ठराविक दिवस नाहीत. मला एकदा पाच आठवडे लागले, एकदा आठ महिने. पण दोन खुणा मी ओळखायला शिकले आहे.

एक, तुकड्यांवर एकच गोष्ट न ठरवता परत परत यायला लागते. 2018 मधल्या सोळा तुकड्यांपैकी सात तुकड्यांवर वाईतल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत होती. ती भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. खिडकीतून ती दिसतही नाही. मी चालत जाऊन काढत होते आणि सातव्या वेळेपर्यंत मला ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसरी खूण प्रश्नाची. जोवर सकाळी उठल्यावर "आता काय करू" असं मनात येतं तोवर थांबा. एक दिवस प्रश्न बदलतो. कागद खडबडीत, म्हणजे रफ घ्यावा का मध्यम पोताचा कोल्डप्रेस? ओल्या पायरीचा गडदपणा एका वॉशमध्ये येईल का दोन? कृष्णेवरच्या धोम धरणातून पाणी कधी सुटतं, म्हणजे घाटावरची पातळी कधी चढेल? असे कामाचे, सामानाचे, वेळेचे प्रश्न पडायला लागले की समजा, हात तयार आहे.

तरीही लगेच फुल शीट लावू नका. क्वार्टर साइज घ्या, 11 बाय 15. मालिकेला नाव देऊ नका, किती चित्रं करायची ते ठरवू नका, कुठल्याही गॅलरीचा अर्ज भरू नका. आणि सुरुवात त्या टाळलेल्या जागेपासूनच करा, बाकीचं चित्र मागाहून येऊ दे. पायरीसाठी मी सगळ्यात आधी पाण्याची जागा स्वच्छ पाण्याने भिजवायची. जवळच्या बाजूने फिका बर्न्ट सिएना सोडायचा, लांबून आकाशाचा निळा आणायचा, आणि दोघांना मध्ये आपणहून भेटू द्यायचं. मग हात मांडीवर ठेवून थांबायचं. कागदाची चमक जात येते, पण ओल असते, असा मिनिट-दीड मिनिट मिळतो. तेवढ्यात पायरीची गडद पट्टी एका दमात ओढायची. आधी ओढली तर पसरून जाते, उशीर झाला तर कड कापल्यासारखी कडक येते. पहिले बावीस कागद वाया गेले. तेविसाव्यात तिसरी पायरी पाण्यात विरघळली, आणि मी ती ओली असतानाच ह्यांना हाक मारली. सात वाजले होते. माझाच नियम मी मोडला.

कराडच्या मुलीला मी वहीचं सांगितलं होतं. परवा रात्री तिने उजव्या रकान्याचा फोटो पाठवला. एकवीस ओळी, तिचं ते बारीक तिरकं अक्षर. भाजीच्या पाट्या, पदर, तराजू धरलेले हात, सगळ्याबद्दल थोडंथोडं लिहिलेलं. आणि चौदा ओळींपुढे तेच: बाई पाठमोरी आहे, बाई खाली वाकली आहे, तोंडावर पदर आला आहे. चेहरा टाळला. चेहरा टाळला. खाली तिने विचारलं होतं, "बाई, मला हे करताना एकदाही कळलं नाही. आता कुणाला समोर बसवू?"

मी लिहिलं, रविवारी सकाळी ये. चारकोल आण आणि चार साधे कागद आण. समोर मी बसते.